साखर परत वाढली, म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४३. आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत आणि गेल्या वर्षापासून रात्री इन्सुलिनही घ्यावं लागतं. तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.९ च्या खाली येत नाही. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३७ आहे. एका सर्जननी बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली, म्हणाले, मधुमेह कायमचा जाईल. माझे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, घाई नको, आधी वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं घेऊन बघू. घरात तर विषय काढायची सोय नाही. माझ्या नणंदेनं सहा वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास करून घेतलं. चार वर्षं तिला एकही गोळी लागली नाही, पण आता पुन्हा एक सुरू झाली आहे. सगळे म्हणतात, एवढं पोट फाडून घेऊन शेवटी मिळालं काय? खरं सांगू का, मला स्वतःचीच लाज वाटते. तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं, असं सारखं मनात येतं. मी काय करावं?

उत्तर :

प्रिय ताई,

लाजेचं आधी बोलू, कारण ती मनात ठेवून घेतलेला निर्णय, हो असो की नाही, धड होणार नाही. तोंडावर ताबा नाही म्हणून वजन वाढलं, हा हिशेब मुळातच अपुरा आहे. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला झटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं आणि वर्षभरानं त्यांच्या रक्तातली संप्रेरकं पुन्हा मोजली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. भूक चाळवणारं घ्रेलिन वर्ष उलटल्यावरही चढलेलंच होतं, आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं खालीच होती. म्हणजे आहार संपल्यावरही ही माणसं आधीपेक्षा जास्त भुकेली होती, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. तुमच्या बाबतीत वर इन्सुलिन आलं. ते साखर उतरवतं, पण वजन चढवायलाही हातभार लावतं, आणि वजन चढलं की इन्सुलिन आणखी लागतं. या चक्रातून केवळ मनाच्या जोरावर बाहेर पडणारे फार थोडे असतात. शस्त्रक्रिया ही कमकुवत माणसांची पळवाट नाही. भुकेची ही यंत्रणाच बदलणारा तो एक उपचार आहे. तो तुमच्यासाठी योग्य की नाही, एवढंच आपण बघायचं.

आता तुमच्या नणंदबाईंकडे येते. तुमच्या घरातली सगळी भीती त्यांच्या अनुभवावर उभी आहे, आणि त्या अनुभवाचा अर्थ, माझ्या मते, घरात उलटा लावला गेला आहे.

त्यांना चार वर्षं एकही गोळी लागली नाही. त्या चार वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि पायांच्या नसा वाढत्या साखरेत भिजत नव्हत्या. मधुमेहाचं नुकसान कर्जाच्या व्याजासारखं चढत जातं. जितकी वर्षं साखर जास्त, तितका बोजा मोठा. मधली चार वर्षं व्याज थांबलं, तर पाचव्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं म्हणून ती चार वर्षं वजा होत नाहीत.

हे मी धीर देण्यापुरतं म्हणत नाही. अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या साडेचार हजारांहून जास्त मधुमेही लोकांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा मधुमेह आधी हटला आणि नंतर परत आला, अशांकडे मुद्दाम वेगळं पाहिलं होतं. परतण्याआधीच्या साखरमुक्त काळात जसजसं एकेक वर्ष वाढत गेलं, तसतसा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका दर वर्षामागे सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच्याही आधी, १९७७ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, नव्यानं मधुमेह झालेल्या काही लोकांची साखर औषधांनी कडक ताब्यात ठेवली होती. अभ्यास संपला आणि वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी, २००८ साली, पूर्वी कडक ताबा असलेल्या गटात डोळ्यांचे आणि मूत्रपिंडांचे विकार कमीच होते, आणि हृदयविकाराचे झटकेही कमी झाले होते. तो अभ्यास शस्त्रक्रियेचा नव्हता. पण चांगल्या साखरेच्या वर्षांचा लाभ ती वर्षं सरल्यावरही मिळत राहतो, हे त्यानं दाखवलं.

म्हणून कुणी 'शेवटी मिळालं काय' असं विचारलं, तर एवढं विचारा की शस्त्रक्रिया झाली नसती, तर आज त्या एका गोळीवर असत्या का? सहा वर्षांत बहुतेकांच्या गोळ्या वाढतात, अनेकांना इन्सुलिनही लागतं. तुमचाच गेल्या आठ वर्षांचा प्रवास बघा.

सर्जनच्या वाक्याचं मात्र मी समर्थन करणार नाही. 'कायमचा जाईल' असं कुणीही सांगू नये. संशोधन तसं म्हणत नाही, आणि असं वचन दिलं की चार वर्षांनी एक गोळी सुरू होताच माणसाला फसवल्यासारखं वाटतं. आकडे थोडे सविस्तर सांगते, कारण सही करण्याआधी ते तुम्हाला माहीत असायला हवेत.

या विषयाला खरा जोर आला १९९५ मध्ये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधले सर्जन वॉल्टर पोरीस यांनी गॅस्ट्रिक बायपास झालेल्या ६०८ लोकांची माहिती मांडली. त्यांतल्या मधुमेहींपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची साखर औषधांशिवाय नॉर्मल राहिली होती, आणि ती वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत घसरू लागली होती. डॉक्टरांचाही यावर पटकन विश्वास बसला नाही. पुढे औषधं आणि शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकून गट पाडून तुलना झाली. क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासात १५० जण होते आणि लक्ष्य कडक होतं, एचबीए१सी ६ किंवा त्याखाली. वर्षभरानं हे लक्ष्य बायपासच्या गटात ४२ टक्के, स्लीव्हच्या (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेच्या) गटात ३७ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांपैकी १२ टक्के लोकांनी गाठलं. पाच वर्षांनी हेच आकडे अनुक्रमे २९, २३ आणि ५ झाले. रोममधल्या एका छोट्या अभ्यासात बायपास झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांचा मधुमेह दोन वर्षांनी हटलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण एक चतुर्थांशावर आलं.

उतार स्पष्ट आहे. तो लपवण्यात अर्थ नाही.

पण एक आकडा मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चार अभ्यासांची माहिती एकत्र करून २६२ लोकांचे दीर्घकाळचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जेमतेम १८ टक्के लोकांचा मधुमेह हटलेला होता, औषधांवरच्या गटात ६ टक्के लोकांचा. नुसतं एवढंच वाचलं तर निराशा होईल. पण सरासरी एचबीए१सी शस्त्रक्रियेच्या गटात सात वर्षांनीही ८.७ वरून १.६ नं खाली होतं. औषधांच्या गटात ते ८.२ वरून फक्त ०.२ नं उतरलं. आणि शस्त्रक्रियेच्या गटाला औषधंही कमी लागत होती. तुमचं ८.९ आहे. ते सात वर्षं सातच्या आसपास राहिलं, तर डोळ्यांच्या आणि किडनीच्या दृष्टीनं ही मोठीच गोष्ट आहे. मग त्यासाठी सोबत एक गोळी लागली तरी चालेल. शस्त्रक्रियेकडून काय मागायचं, तर हे मागा.

याच कारणानं स्वीडनचा अभ्यासही मला मोलाचा वाटतो. १९८७ पासून तिथं शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. तिथे गट चिठ्ठ्यांनी पाडलेले नव्हते आणि तेव्हाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया आता कुणी करत नाही, एवढी सावधगिरी ठेवून वाचायचं. दोन वर्षांनी मधुमेहींपैकी ७२ टक्के लोक साखरमुक्त होते, १५ वर्षांनी ३० टक्के. तरी डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचे विकार शस्त्रक्रियेच्या गटात जवळजवळ निम्मेच झाले. दर हजार लोकांमागे वर्षाला २१, तर दुसऱ्या गटात ४२.

हटलेला मधुमेह कुणाचा टिकतो, याचेही अंदाज आता बऱ्यापैकी बांधता येतात. मधुमेह नवा असेल, इन्सुलिन लागत नसेल, आधीचं एचबीए१सी फार चढलेलं नसेल आणि स्वादुपिंडात इन्सुलिन बनवण्याची ताकद शिल्लक असेल, तर शक्यता चांगली. तुमची आठ वर्षं झाली आहेत आणि इन्सुलिन सुरू आहे, म्हणजे तुम्ही सगळ्यात सोप्या गटात नाही. इथे सी-पेप्टाइड नावाची साधी रक्ततपासणी फार कामाची आहे. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं, ते तिच्यातून कळतं. आकडा चांगला आला, तर इन्सुलिन सुटण्याची आशा ठेवायला हरकत नाही. अगदी खाली आला, तर स्वादुपिंड थकलेलं आहे. मग वजन उतरेल, साखर सुधारेल, पण इन्सुलिन बहुधा थोडंफार लागेल, आणि मधुमेह खरंच टाइप २ आहे ना, हेही पुन्हा तपासावं लागेल. ही तपासणी न करता कुणी तुम्हाला वचन देत असेल, तर ते वचन हवेतलं आहे.

शस्त्रक्रियेनं साखर इतक्या लवकर का उतरते, हे थोडक्यात सांगते. बायपासमध्ये जठराची एक छोटी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोचतं आणि जेवणानंतर जीएलपी-१ सारखी संप्रेरकं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतात. स्वादुपिंड जागं होतं, भूक मरते. शिवाय पहिल्या दिवसांत खाणंच इतकं कमी असतं की यकृतातली चरबी भराभर उतरते आणि यकृत रक्तात साखर सोडणं कमी करतं. स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, जठराचा मोठा भाग काढून टाकतात, आणि त्याबरोबर घ्रेलिन बनवणारा बराचसा भागही जातो. यातलं कोणतं कारण किती मोठं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका नेटक्या अभ्यासात ११ जणांनी बायपासनं आणि ११ जणांनी निव्वळ आहारानं सारखंच, सुमारे १८ टक्के वजन उतरवलं. साखरेतला आणि इन्सुलिनच्या कामातला फायदा दोन्ही गटांत सारखाच निघाला. म्हणजे आतड्याच्या जादूपेक्षा उतरलेल्या वजनाचा वाटा मोठा. ज्या मार्गानं वजन उतरेल आणि उतरलेलं राहील, तो मार्ग चांगला. आहारानं हे जमतं, ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसं ४६ टक्के लोकांना वर्षभरात जमलंही. पण त्या लोकांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कुणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि दुसऱ्या वर्षी तो आकडा ३६ वर आला.

यावरूनच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं म्हणणं येतं. ते चुकीचं बोलत नाहीत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं खरोखर प्रभावी आहेत. मात्र मधुमेह असलेल्यांचं वजन त्यांनी इतरांपेक्षा कमी उतरतं. मोठ्या डोसवर जवळपास दीड वर्षात सेमाग्लुटाइडनं सुमारे १० टक्के आणि टिर्झेपाटाइडनं सुमारे १५ टक्के. बायपासनंतर पहिल्या दीड-दोन वर्षांत हे साधारण २५ ते ३० टक्के असतं. इंजेक्शन थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, म्हणजे तीही दीर्घकाळ घ्यायची तयारी हवी. तुम्हाला ती झेपत असतील आणि नियमित मिळणार असतील, तर सहा-आठ महिने नीट वाढत्या डोसनं घेऊन बघायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'बघू' म्हणत तीन-चार वर्षं घालवण्याला. त्या काळात स्वादुपिंड थकत जातं आणि शस्त्रक्रियेचा होऊ शकणारा फायदा आटत जातो. तारीख ठरवून बघा. एचबीए१सी सातच्या जवळ आलं नाही, तर पुढच्या पायरीवर जायचं, असं डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा. आणि हे दोन उपचार एकमेकांचे वैरी नाहीत. तुमच्या नणंदबाईंचं वजन पुन्हा वाढत असेल, तर याच इंजेक्शनांचा विचार त्यांच्यासाठीही होऊ शकतो.

'पोट फाडून' हे आता खरं नाही. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, छोट्या छेदांतून होते, आणि अनुभवी ठिकाणी पहिल्या महिन्यात मृत्यू होण्याचं प्रमाण हजारात एक ते तीन, पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके थोड्यांना होतात, पण होतात. मला त्यापेक्षा काळजी वाटते ती पुढच्या आयुष्याची, कारण तिकडे दुर्लक्ष होतं. बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुरेसं शोषलं जात नाही. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी दरवर्षी. २०२४ च्या त्या एकत्रित अभ्यासातही शस्त्रक्रियेच्या गटात रक्तक्षय आणि हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त होतं. तुम्ही बाई आहात आणि पन्नाशी दूर नाही, म्हणून हाडांचं आणि हिमोग्लोबिनचं मी दोनदा सांगते. सतत उलट्या होऊ लागल्या तर थांबू नका, बी-१ च्या कमतरतेनं मेंदूवर परिणाम होऊ शकतो. भराभर वजन उतरताना पित्ताचे खडे होतात. गोड खाल्ल्यावर छातीत धडधड, घाम, चक्कर येऊ शकते, आणि काहींची साखर जेवणानंतर दोन-तीन तासांनी एकदम खाली जाते. सांधेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर टाळायच्या, अल्सर होतो. दारू पूर्वीपेक्षा खूप लवकर आणि जास्त चढते, आणि तिचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. मन खचल्यासारखं वाटलं, तर तेही अंगावर काढायचं नाही.

स्लीव्ह की बायपास? साखरेपुरतं बोलायचं तर तुमच्यासारख्या, काही वर्षं जुन्या मधुमेहात बायपासचा जोर जास्त दिसतो. आम्लपित्त आणि छातीत जळजळ असेल तर स्लीव्ह नकोच, तो त्रास वाढतो. उलट, तुमचं हिमोग्लोबिन आधीच खूप कमी असेल, तर बायपासआधी त्याचा नीट बंदोबस्त लागेल.

पात्रतेचा प्रश्न तुमच्यापुढे नाही. बीएमआय ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह असेल, तर १९९१ च्या जुन्या निकषांतही तुम्ही बसत होता. २०२२ मध्ये ते निकष आणखी सैल झाले. मधुमेह असेल तर बीएमआय ३० पासून शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी त्याहून कमी बीएमआयपासून विचार होतो, कारण कमी वजनातही त्यांना मधुमेह गाठतो.

माझं स्वतःचं मत शस्त्रक्रियेकडे झुकतं. मात्र सी-पेप्टाइड बघितल्याशिवाय नाही, आणि जन्मभर गोळ्या व तपासण्या पाळायची तुमची मनापासून तयारी असल्याशिवाय नाही. ही दुसरी अट मी सहज घालत नाही. ती पाळली नाही, तर मधुमेहाच्या जागी दुसरं दुखणं उभं राहतं.

एक गोष्ट निर्णय काहीही झाला तरी आधी करा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. एचबीए१सी ८.९ वरून झपाट्यानं खाली आलं, तर पडद्यावर आधीच असलेला विकार काही काळ बळावू शकतो. इंजेक्शननंही आणि शस्त्रक्रियेनंही. विकार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी काम करू द्या. आणि शस्त्रक्रिया ठरली, तर कोणती गोळी कधी बंद करायची हे स्वतः ठरवू नका. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल, तर ती काही दिवस आधी थांबवावी लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि इन्सुलिनचा नेहमीचा डोस नंतर तसाच चालू ठेवला, तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. शस्त्रक्रियेच्या दिवशीपासूनचं औषधांचं वेळापत्रक तुमचे दोन्ही डॉक्टर मिळून लिहून देतील, असा आग्रह धरा.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा चालू गोळ्यांची नावं, सी-पेप्टाइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचे आकडे कळवा. लघवीतल्या अल्ब्युमिनची (प्रथिनाची) तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. छातीत जळजळ होते का, तेही लिहा.